नवमीला बंद केलेलं मशीन

महांतेश कमतेशी माझी ओळख भांडणातून झाली. मी नुकतीच पुण्याहून बंगळूरला आले होते. नवऱ्याची नोकरी इलेक्ट्रॉनिक सिटीत. सकाळी कंपनीच्या बसमध्ये बसला की अंधार पडल्यावरच उगवायचा. घरात बसून माझं डोकं फिरायची वेळ आली, तेव्हा बसवनगुडीतल्या एका छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत मी मॅन्युअल लिहायचं काम धरलं. कंपनी म्हणजे मालक कृष्णमूर्तींच्या घराचा खालचा मजला. वर त्यांचं बिऱ्हाड, खाली आम्ही डझनभर माणसं. कारखान्यांना हजेरीचे, पगाराचे, मालाच्या साठ्याचे प्रोग्रॅम करून द्यायचो. कुठलं बटण दाबल्यावर पडद्यावर काय दिसेल, ते गिऱ्हाइकाला समजेल असं लिहून देणं हे माझं काम. पहिलं मॅन्युअल मी जीव ओतून लिहिलं. छापायला द्यायच्या दिवशी सहज मशीनवर पडताळून बघितलं, तर एकही पडदा माझ्या वर्णनासारखा नाही. मेनू वेगळा, अक्षरं वेगळी, छपाईचं बटणच गायब.

"कुणी हात लावला याला?" मी मराठीतच ओरडले. रागात मला दुसरी भाषा सुचत नाही.

मागच्या खोलीतून किरकोळ अंगाचा एक माणूस बाहेर आला. मार्च महिना, आणि अंगात स्वेटर.

"मी लावला की, ताई," तो म्हणाला. "काल अपडेट केलं. छपाईचा नवा प्रोग्रॅम घातला. त्याला मेनूचं नवं पॅकेज पायजे होतं. त्या पॅकेजला नवे फॉन्ट पायजे होते. फॉन्ट घातले तर जुनं बटण गेलं. आणतो की परत."

त्या ऑफिसात मराठीत उत्तर येईल असं मला वाटलंच नव्हतं, त्यामुळे भांडण तिथेच अर्धं संपलं. उरलेलं अर्धं पुढे दीड-दोन वर्षं चाललं, कारण ते बटण आणलं की दुसरं काहीतरी जायचं आणि माझं मॅन्युअल पुन्हा खोटं ठरायचं.

महांतेश निपाणीजवळच्या एका गावचा. घरात कन्नड, गल्लीत मराठी, आणि दोन्ही भाषांत तो सारख्याच हळू आवाजात बोलायचा. वडील विहिरीवरच्या जळालेल्या मोटारी पुन्हा गुंडाळून द्यायचे. त्यानं बेळगावला डिप्लोमा केला, बंगळूरला टीव्ही जोडायच्या कारखान्यात लागला, आणि तो कारखाना बंद पडल्यावर कृष्णमूर्तींकडे केबल ओढायला आला. लग्न झालेलं होतं, पण बायको भाग्यलक्ष्मी आणि लहान मुलगी गावी. हा हनुमंतनगरात आणखी दोघांबरोबर एका खोलीत राहायचा. कंपनीत तो कॉन्ट्रॅक्टवर होता. कायम झाल्याचं पत्र हातात असल्याशिवाय कुणी घरमालक कुटुंबाला घर देत नव्हता, आणि पत्राचं नाव काढलं की कृष्णमूर्ती "सरी, सरी, बघू", म्हणजे 'बरं, बरं', म्हणून जिना चढून जेवायला जायचे.

मी यायच्या आधी लिनक्स कंपनीत आणलं ते महांतेशनंच. कुठल्याशा मासिकाबरोबर फुकट आलेली सीडी त्यानं एका जुन्या मशीनमध्ये घातली. मशीन चालवणारी जी मूळ व्यवस्था असते, जिच्यावर बाकीचे सगळे प्रोग्रॅम उभे राहतात, ती कंपनी तोवर विकत घेत होती आणि ती महाग पडत होती. लिनक्स ही तशीच व्यवस्था, पण फुकट. कृष्णमूर्तींना बाकी काही कळलं नाही, 'फुकट' तेवढं नीट कळलं. महिन्याभरात त्यांनी सगळी मशीनं आणि सगळी गिऱ्हाइकं त्यावर आणायचं ठरवून टाकलं. ते कोण करणार? ज्यानं सीडी घातली तो. त्यासाठी एक माणूस जास्त नाही, एक दिवस जास्त नाही. फुकटची वस्तू कुणाच्या तरी अंगावर शेकणार असते. ती महांतेशच्या अंगावर शेकली, आणि मला त्याचा अजून संताप येतो.

मी एकदा त्याला विचारलं होतं, "एक साधा प्रोग्रॅम घालायला तुम्हाला तीन दिवस का लागतात हो?"

"तालुका कचेरीत गेलाय काय कधी, ताई?" तो म्हणाला. "उत्पन्नाचा दाखला पायजे, तर म्हणतात रेशन कार्ड आणा. रेशन कार्डाला जावं तर रहिवासाचा दाखला आणा. रहिवासाला जावं तर उत्पन्नाचा दाखला कुठं हाय? तसंच हाय की हे. ह्या पॅकेजला ते पायजे, त्याला तिसरं पायजे, आणि तिसरं म्हणतंय, पहिलं असल्याबिगर मी बसत न्हाई."

"मग?"

"मग काय. जबरदस्तीनं बसवायचं आणि देवाचं नाव घ्यायचं."

एखादं पॅकेज, म्हणजे प्रोग्रॅमचा असा तयार गठ्ठा, सीडीवर नसेल तर टेलिफोनच्या लाइनवरून उतरवून घ्यायचं. लाइन मधेच तुटायची, वरून कृष्णमूर्तींच्या आईनं फोन उचलला तरी तुटायची, आणि मग पहिल्यापासून. गिऱ्हाइकांकडे तर टेलिफोनची लाइनही मिळायची नाही. फ्लॉप्या प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून, पिशवी स्वेटरच्या आत धरून महांतेश बसनं जायचा. आज व्हाइटफील्डच्या कारखान्यात, उद्या देवनहळ्ळीच्या द्राक्षाच्या गोदामात. प्रत्येकाकडे वेगवेगळ्या महिन्याची सीडी घातलेली, त्यामुळे एकीकडे बसलेलं पॅकेज दुसरीकडे बसायचं नाही. देवनहळ्ळीला पोचावं आणि शेवटची फ्लॉपी वाचलीच जाऊ नये, असंही व्हायचं. हा तसाच उलट्या बसनं परत. तरी उलट उत्तर नाही की कपाळाला आठी नाही. मला तर त्याच्या त्या "होतंय की"चाच राग यायला लागला होता.

अठ्ठ्याण्णव साली खरं संकट आलं. लिनक्समध्ये पायाला एक लायब्ररी असते. लायब्ररी म्हणजे सगळ्या प्रोग्रॅमना लागणाऱ्या कामांचा एक सामायिक साठा, तिच्याशिवाय साधी फाइलसुद्धा उघडत नाही. ती पायाचीच लायब्ररी बदलली. नवे प्रोग्रॅम नवी मागायला लागले, जुने जुनीवर अडून बसले. आमचं छपाईचं पॅकेज मोठा रिपोर्ट आला की मधेच मान टाकायचं. महांतेशनं ते बनवणाऱ्या परदेशातल्या माणसाला ईमेल लिहिली. पत्र नम्र होतं, मीच इंग्रजी तपासून दिलं होतं. उत्तर एका ओळीचं आलं: आधी नव्या लायब्ररीवर या, मग विचारा. याचं रडगाणं ऐकायला त्याला वेळ नव्हता. फुकट देणाऱ्याला जाब कोण विचारणार?

त्याच वेळी पीण्या या कारखान्यांच्या वसाहतीतला, शर्ट शिवणारा एक मोठा कारखाना आमचा प्रोग्रॅम घ्यायच्या विचारात होता. दसऱ्यानंतरच्या सोमवारी त्यांची माणसं बघायला येणार होती, आणि त्यांना मोठमोठे रिपोर्ट छापून दाखवायचे होते. कृष्णमूर्तींनी महांतेशला बोलावलं आणि सगळ्यांसमोर सांगितलं, "हे सोमवारी नीट चालवून दाखव. त्याच दिवशी तुझं कायमचं पत्र काढतो."

महांतेशनं त्याच संध्याकाळी गावी फोन लावला. हनुमंतनगरात त्यानं एक घर बघून ठेवलं होतं, दोन खोल्यांचं, नळ घरात. मालक पत्रासाठी थांबायला तयार होता. भाग्यलक्ष्मीनं दसऱ्याला मुलीला घेऊन निघून यायचं ठरलं. पत्र मिळेपर्यंत त्या दोघी माझ्याकडे राहतील, हे मीच सांगितलं.

मुख्य मशीन नव्या लायब्ररीवर न्यायचं तर अधल्यामधल्या अवस्थेतून जावं लागतं. जुनं उखडलेलं, नवं पुरतं न बसलेलं. त्या वेळात मशीन बंद पडून चालत नाही. म्हणून महांतेशनं खंडेनवमीचा दिवस निवडला. त्या दिवशी ऑफिसला सुट्टी, कुणी काम करत नाही, मशीन मोकळं. त्यानं कृष्णमूर्तींची परवानगी घेतली. "हे एकच मशीन चालू ठेवतो, सर. हात लावायचा न्हाई कुणी." कृष्णमूर्ती म्हणाले, "सरी."

बंगळूरची नवमी ज्यानं बघितली नाही त्याला त्यातली गोम कळायची नाही. इथे त्या दिवशी आयुधपूजा. बसपासून शिलाई मशीनपर्यंत चाकं-पातं-वायर असलेली प्रत्येक वस्तू धुऊनपुसून, बंद करून, झेंडूच्या माळा घालून पूजतात. पूजा झाली की दशमीपर्यंत तिला हात लावायचा नाही, ती विश्रांती घेते. आम्हालाही पूजेला बोलावलं होतं, म्हणून मी गेले. महांतेश पहाटेच येऊन बसलेला. पडद्यावर ओळी सरकत होत्या आणि तो एकेक ओळ वाचत होता. मी त्याला इतकं खूश कधी बघितलं नव्हतं. "अर्ध्याच्या वर झालं, ताई," तो म्हणाला. "जेवणापर्यंत होतंय."

तेवढ्यात कृष्णमूर्ती खाली आले. दारात फोडायला आणलेला कोहळा किडका निघाला होता. "महांतेश, जरा बाजारात जाऊन दुसरा घेऊन ये. भटजी आलेत."

दुसरं कुणी नव्हतं का जायला? होते. चार-पाच जण नुसते उभे होते. पण सांगायची सवय महांतेशला, आणि महांतेशला ऐकायची. तो पडद्याकडे एकदा बघून पायात चपला सरकवून गेला. मी त्या वेळी वरच्या मजल्यावर कृष्णमूर्तींच्या आईबरोबर केळीची पानं पुसत होते.

खाली भटजींना घाई सुटली होती. बुधवार होता, बाराला राहुकाळ लागणार होता, त्याआधी आरती व्हायला हवी होती. मागच्या खोलीत मशीन घरघरताना त्यांनी ऐकलं. चालत्या यंत्राची पूजा कशी करणार, असं ते म्हणाले. कृष्णमूर्ती गेले आणि भिंतीवरचं बटण खाली केलं. परवानगी स्वतःच दिली होती, स्वतःच विसरले. की विसरले नव्हते आणि त्यांना त्यात काही विशेष वाटलं नव्हतं, देव जाणे.

महांतेश घाम पुसत, खांद्यावर कोहळा घेऊन आला. मीही तेव्हाच खाली उतरले होते. मशीनला झेंडूची माळ होती, वर विभूतीचे तीन पट्टे, बटणावर कुंकू. पडदा काळा. त्यानं कोहळा जमिनीवर ठेवला. बटणाकडे हात नेला, तर कृष्णमूर्तींची आई म्हणाली, "आज नको रे बाळा, उद्या." ती बिचारी त्याच्या हातावर चुरमुरे-बत्तासे ठेवत होती. तिला काय माहीत? त्यानं चुरमुरे घेतले आणि पिशवीत घातले. मी कृष्णमूर्तींना म्हणाले, "सर, ते मशीन अर्ध्यात होतं!" ते म्हणाले, "उद्या चालू करा ना. कुठे पळून जातंय?"

दशमीला मशीन चालू केलं. एका लायब्ररीचं नाव पडद्यावर आलं, ती सापडत नाही असं आलं, आणि पुढे काही नाही. हिशेबाची माहिती त्यानं दुसरीकडे जपून ठेवली होती, ती वाचली. पण चार महिने खपून स्वतः बनवलेली सगळी पॅकेजेस त्याच डिस्कवर होती. ती सोडवून आणून पुन्हा एकेक बसवायला त्याला मंगळवार उजाडला असता. आणि त्याच दशमीला सकाळी भाग्यलक्ष्मी माझ्या दारात उतरली. मुलगी कडेवर, हातात ट्रंक, आणि एक मोठा पत्र्याचा डबा, त्यात घरी दळलेलं जोंधळ्याचं पीठ. "हितं जोंधळा चांगला मिळत न्हाई म्हणत्यात, अक्का," ती म्हणाली. दुपारी ती एकटीच जाऊन हनुमंतनगरातलं ते घर खिडकीतून बघून आली. चूल कुठे, ट्रंक कुठे, सगळं मला रंगवून सांगितलं. महांतेशनं तिला काही सांगितलं नव्हतं, आणि माझीही जीभ रेटली नाही.

सोमवारी शर्टवाले आले. मशीन उघडं पडलेलं. कृष्णमूर्ती त्यांच्यासमोर हसत म्हणाले, "काय करणार, फुकटचं सॉफ्टवेअर. माणूसही शिकतोय अजून." शर्टवाले कॉफी पिऊन गेले. त्यांची पाठ वळली तशी मी उठले.

"सर, बटण कुणी बंद केलं होतं?"

 कृष्णमूर्ती चिडले नाहीत. चिडले असते तर बरं झालं असतं. ते शांतपणे म्हणाले, "मी केलं. पूजेला केलं. मॅडम, त्या दिवशी या गावातलं प्रत्येक मशीन बंद होतं. बस बंद होत्या, लेथ बंद होते, गिरण्या बंद होत्या. आमच्या आईचा मिक्सर बंद होता. दुसऱ्या दिवशी सगळं सुरू झालं. एक याचंच झालं नाही. ते कुणामुळे, मला सांगा."

माझ्याकडे उत्तर होतं. तुम्ही परवानगी दिली होती, हे उत्तर होतं. मी ते दिलं, चांगलं मोठ्यानं दिलं. पण महांतेश मधे बोलला. "ऱ्हाऊ द्या, ताई. सर बरोबर बोलतात."

बाहेर आल्यावर मी त्याच्यावरच तुटून पडले. "कशाला मान खाली घालता? तुमची काय चूक?"

तो फाटकाशी उभा राहिला. "चूक न्हाई, ताई. पण खरं हाय की ते. माझ्या बापानं गुंडाळलेली मोटर मधेच बटण बंद केलं तर जळत न्हाई. लाइट जाते, लाइट येते, मोटर फिरती. मी ज्याच्यामागं तीन वर्षं घातली, ते एकदा बटण बंद केलं तर उभं ऱ्हात न्हाई. ह्यात भांडायचं काय?" त्याचे डोळे भरलेले होते आणि तो ते लपवतही नव्हता.

त्या माणसाचं काळीज कुठे तुटलं ते मला तेव्हा कळलं. पत्र जाणार हे त्यानं दशमीलाच ओळखलं होतं. पण आपण ज्याच्यासाठी राबलो त्या गोष्टीतच खोट आहे, हे त्याला त्या दिवशी पटलं. आणि ते पटवलं कुणी, तर ज्यानं बटण बंद केलं त्यानं!

मंगळवारी मशीन उठलं. नवी लायब्ररी, नवं छपाईचं पॅकेज, सगळं. त्यानं मोठा रिपोर्ट छापून बघितला, एकाही पानावर अडला नाही. तो कागद घेऊन तो वर गेला आणि तसाच परत आला. कृष्णमूर्तींनी सकाळीच विकतची व्यवस्था मागवली होती. दोन दिवसांनी खोकं आलं, आणि ते मशीन पुसून त्यावर ती चढवायचं काम अर्थातच महांतेशला सांगितलं. मी शेजारी उभी होते. सीडी घातली, दोन-चार बटणं दाबली, एक चहा झाला, आणि झालं.

"एकदाही काय मागितलं न्हाई हो, ताई, ह्यानं," तो म्हणाला.

पत्राबद्दल कृष्णमूर्ती म्हणाले, "उगादीपर्यंत बघू. तोवर आहेस तसा राहा. जुन्या गिऱ्हाइकांची लिनक्सची मशीनं कोण बघणार?" उगादी म्हणजे आपला पाडवा, सहा महिने लांब. म्हणजे ज्या कारणासाठी त्याला कायम केलं नाही, त्याच कारणासाठी ठेवून घेतलं. घरमालकानं घर दुसऱ्याला दिलं. भाग्यलक्ष्मी रडली नाही. ट्रंक भरली, मुलीचे केस विंचरले, आणि पिठाचा डबा तेवढा माझ्या ओट्यावर ठेवला.

"ह्यो परत कुठं न्यायचा, अक्का. ठेवा तुमच्यापाशी. उगादीला आलो की भाकऱ्या करतो."

मॅजेस्टिकच्या बसस्टँडवर निपाणीच्या गाडीत महांतेशनं दोघींना बसवलं आणि गाडी वळेपर्यंत हात हलवत राहिला. मग तिथूनच दुसरी बस धरून फ्लॉप्या घेऊन देवनहळ्ळीला गेला, तिथलं छपाईचं पॅकेज पुन्हा अडलं होतं.

मला धड भाकरी थापता येत नाही. जोंधळ्याचं पीठ फार दिवस टिकतही नाही. दिवाळीनंतर डबा उघडला तर वास फिरलेला, चिमूटभर जिभेवर ठेवलं तर कडू. मी ते टाकून दिलं आणि डबा घासून ठेवला. उगादी आली आणि गेली, पत्र आलं नाही. आता नव्याण्णवचा दसराही होऊन गेला. व्हाइटफील्डहून, देवनहळ्ळीहून उशिरा परतला की महांतेश अजून माझ्या टेबलाशी थांबतो.

"पीठ हाय न्हवं, ताई?" तो विचारतो. "येणार हायत त्या."

मी आहे म्हणते.